‘लोकांनाच नको आहे’ : शाळा, समाज आणि सुधारणा



पत्रिकेत आजचा विषय ‘शिक्षणसुधारणा आणि समाजमन’ असा छापला आहे. नाव जरा जड झालंय. सोप्या भाषेत सांगायचं तर गेल्या दीडशे वर्षांत आपण, म्हणजे महाराष्ट्रातला समाज, शाळेकडे कसं पाहत आलो, ती नजर कशी बदलत गेली, आणि सुधारणा होण्या-न होण्याशी त्या नजरेचा काय संबंध आहे, हे मला मांडायचं आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक खोड असते. एखादं वाक्य सगळेच बोलू लागले की ते उलटून पाहायचं, त्याच्या पोटात काय आहे ते तपासायचं. आज मी असंच एक वाक्य घेतलंय : ‘अहो, लोकांनाच नको आहे!’ जिल्हा परिषदेची शाळा बंद पडते तेव्हा आपण हे ऐकतो. मराठी शाळेचा वर्ग रिकामा होतो तेव्हाही ऐकतो. परीक्षा कमी करायची म्हटलं तर ‘पालकांनाच परीक्षा हवी आहे’ आणि मातृभाषेतून शिकवायचं म्हटलं तर ‘पालकांनाच इंग्रजी हवं आहे’. थोडक्यात, लोकांची मानसिकता आडवी येते, नाहीतर सुधारणा केव्हाच झाल्या असत्या, असा एकूण सूर असतो.

हे खरं आहे का? थोडं मागे जाऊ या.

‘लोक अजून तयार नाहीत’

१८८२ साली हंटर आयोग आला. भारतातल्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेला हा आयोग. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करावं. त्यामागे त्यांचा हिशेब अगदी रोखठोक होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. मग ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याच्या मुलाला काय मिळतं?

आता लक्षात घ्या, ही मागणी करणारा माणूस हवेत बोलत नव्हता. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा समाजाचा विरोध म्हणजे काय असतो हे दोघांनी अंगावर झेललं होतं. लोकांचं मन किती अवघड असतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरीही ‘लोक तयार होतील तेव्हा बघू’ असं ते म्हणाले नाहीत. शाळा आधी काढली, आणि मुली आल्या.

पुढे १९११. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते किती सावध होतं बघा. सक्ती सगळ्या देशात एकदम नाही. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथेच. तीसुद्धा स्थानिक संस्थेला वाटलं तर, सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी. इतकं नरम विधेयक, पण १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. विरोधकांचे मुद्दे काय होते? पैसा नाही, प्रांतिक सरकारं अनुकूल नाहीत, आणि लोकांमधून मागणीच नाही. लोक अजून तयार नाहीत! विरोध करणाऱ्यांत इंग्रज अधिकारी होते, तसे आपले जमीनदार सभासदही होते.

गंमत अशी की त्याच काळात, याच देशात, ‘तयार नसलेल्या’ लोकांची मुलं शाळेत जात होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. गोखल्यांच्या डोळ्यांपुढे हे उदाहरण होतं. इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण नुसता दंड ठेवून ते थांबले नाहीत. १९०१ पासूनच त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. खेड्यातल्या बापाला ‘पोराला शिकव’ म्हणणं सोपं आहे. पण पोरगं राहील कुठे, खाईल काय, या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं तर बाप ऐकतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांनी हेच सूत्र पुढे नेलं. वसतिगृह, श्रम करून शिकणं, गावोगावी धान्य गोळा करणं. ज्या समाजाला शिक्षणाची आस्था नाही असं म्हटलं जायचं, त्याच समाजातल्या बायांनी दळणाच्या वेळी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून वसतिगृहातली पोरं जेवू घातली.

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. लोकांची शिक्षणाविषयीची वृत्ती ही डोंगरासारखी आधीपासून उभी असलेली वस्तू नाही. ते एक उत्तर असतं. राज्य आणि समाजातले पुढारलेले लोक त्यांच्यापुढे काय ठेवतात, त्याला लोकांनी दिलेलं उत्तर. अमरेलीत एक गोष्ट पुढे ठेवली गेली, तिला एक उत्तर मिळालं. जिथे काहीच पुढे ठेवलं नाही तिथे उत्तर आलं नाही, आणि त्या गप्प बसण्याला ‘अनास्था’ हे नाव मिळालं.

एकाच शाळेची कल्पना

स्वातंत्र्य मिळालं. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं गेलं की दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. ते १९६० मध्ये झालं नाही. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती लागली आणि तो कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजा, १२८ वर्षं!

पण मधल्या काळात काहीच घडलं नाही असं नाही. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. वाडीवस्तीवर शाळा पोचली. तुमच्यापैकी साठीच्या पुढचे बहुतेक जण त्याच शाळांतून आले असतील. मी त्या काळाला सोन्याचा मुलामा देणार नाही. दलितांच्या मुलांना वेगळं बसवलं जाई, मुलींची शाळा चौथीत संपे, पाचवीपर्यंत अर्धी मुलं गळून जात. पण एक गोष्ट होती. गावचा पाटील, तलाठी, डॉक्टर, सुतार, शेतमजूर, या सगळ्यांची मुलं बऱ्याच गावांत एकाच शाळेत होती. दुसरी शाळाच नव्हती. त्यामुळे छप्पर गळायला लागलं की पाटलाच्या मुलाच्या डोक्यावरही गळायचं, आणि मग ते दुरुस्त व्हायचं.

१९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने हीच गोष्ट धोरण म्हणून मांडली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाने सांगितलं की सार्वजनिक शिक्षणाची एक समान शालेय व्यवस्था असावी आणि परिसरातल्या सगळ्या मुलांनी परिसरातल्याच शाळेत जावं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा. सहा टक्क्यांचा आकडा तेव्हापासून प्रत्येक धोरणात येतो. २०२० च्या धोरणातही आला. समान शाळेची कल्पना मात्र हळूहळू कागदावरून आणि बोलण्यातूनही नाहीशी झाली.

आपल्याकडे फिनलंडचं कौतुक फार होतं. तिथे गृहपाठ कमी, परीक्षा कमी, मुलं आनंदी, वगैरे. पण फिनलंडने आधी काय केलं हे आपण सांगत नाही. १९७२ ते ७७ या काळात, उत्तरेकडून सुरुवात करून, त्यांनी सगळ्या मुलांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आणली. गृहपाठाचं नंतर. आधी सगळ्यांची मुलं एका छताखाली. आपण घेतलं ते शेवटचं पान, पहिलं पान तसंच राहिलं.

नजर कधी फिरली?

आता आपल्या आयुष्यात घडलेल्या बदलाकडे येतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं आली. पैसे भरून शिक्षण घेता येतं हे मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलं. १९९१ नंतर अर्थव्यवस्था बदलली. नव्या नोकऱ्या इंग्रजी बोलणाऱ्याला मिळतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. २००० साली राज्य सरकारने पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला, तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्याच सुमारास ‘शिक्षणसेवक’ योजना आली, तुटपुंज्या मानधनावर काम करणारा शिक्षक. २००१ मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी द्यायचं ठरलं. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला.

हे सगळे निर्णय एका रांगेत ठेवून पाहा. पंचवीस-तीस वर्षं सरकार पालकांना काय सांगत होतं? ‘शाळा ही आता आमची जबाबदारी उरलेली नाही. ज्याला परवडेल त्याने आपापली सोय बघावी.’ पालकांनी ते नीट ऐकलं. शेत विकून, कर्ज काढून, आईने चार घरची धुणीभांडी करून त्यांनी सोय बघितली. गावात पिवळी बस आली. आणि आता आपण म्हणतो, लोकांनाच जिल्हा परिषदेची शाळा नको आहे!

शिक्षणहक्क कायद्यात एक तरतूद आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. हेतू चांगला आहे, आणि मी या तरतुदीच्या बाजूचा आहे. श्रीमंताच्या मुलाशेजारी मजुराचं मूल बसावं हे कोठारींच्या कल्पनेचंच छोटं रूप आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली, तेव्हा पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला. योग्यच झालं. पण जरा त्या पालकाच्या जागी उभे राहा. कायदाच त्याला लॉटरीची चिठ्ठी देतोय. जिंकलास तर तुझं मूल ‘त्या’ शाळेत, हरलास तर घराजवळच्या ‘या’ शाळेत. घराजवळची शाळा म्हणजे हरलेल्यांची जागा, हे त्याच्या मनावर कुणी बिंबवलं?

बाहेर पडणं आणि बोलणं

आता थोडं सिद्धान्ताकडे. घाबरू नका, थोडंच.

अल्बर्ट हर्शमन नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होते. १९७० साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला विचार असा. एखादी संस्था ढासळायला लागली की माणसाकडे दोन मार्ग असतात. एक, बाहेर पडायचं. दुसरा, आत राहून बोलायचं, तक्रार करायची, सुधारायला लावायचं. अडचण कुठे येते? ज्यांना गुणवत्तेची सर्वांत जास्त चाड असते आणि ज्यांच्याकडे पर्याय असतो, तेच आधी बाहेर पडतात. म्हणजे ज्यांचं बोलणं सगळ्यांत उपयोगी पडलं असतं तेच निघून जातात. शाळांचं उदाहरण हर्शमन यांनी स्वतःच दिलं आहे.

आपल्या गावात हेच झालं. आधी डॉक्टरचं मूल गेलं, मग ग्रामसेवकाचं, मग सोसायटीच्या चेअरमनचं, आणि मग खुद्द जिल्हा परिषदेच्या गुरुजींचं. उरली ती ऊसतोड कामगाराची, आदिवासी पाड्यावरची, एकट्या आईची मुलं. त्यांचे पालक बोलत नाहीत असं नाही. त्यांचं कुणी ऐकत नाही. २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी शाळेत घालावीत. निकाल गाजला, अंमल झाला नाही. माझ्या मते सक्तीने ते व्हावंही नाही. पण न्यायाधीशांनी रोग बरोबर ओळखला होता.

दुसरा विचार फ्रेड हर्श यांचा, १९७६ चा. नावं सारखी वाटली तरी माणसं वेगळी. त्यांचं म्हणणं मी आपल्या पद्धतीने सांगतो. कुस्तीचा फड लागलाय. पुढचा माणूस नीट दिसावं म्हणून टाचा उंचावतो. मग मागचा उंचावतो, त्याच्या मागचा उंचावतो. शेवटी सगळेच टाचा वर करून उभे, पाय सगळ्यांचे दुखतात, आणि दिसतं पहिल्याइतकंच. शिक्षणाचा काही भाग असा असतो. त्याची किंमत ‘मला किती येतं’ यावर ठरत नाही, ‘शेजाऱ्यापेक्षा मी किती पुढे’ यावर ठरते. नर्सरीची मुलाखत, तिसरीची शिकवणी, पाचवीपासून ‘फाउंडेशन’ क्लास, हे सगळं टाचा उंचावणं आहे. एकट्या पालकाच्या बाजूने पाहिलं तर त्याचं चुकत नाही. त्याने टाचा खाली टेकवल्या तर त्याच्याच मुलाला दिसणार नाही. म्हणून पालकांना उपदेश करून हे सुटत नाही.

गेल्या दीडशे वर्षांतला सगळ्यात मोठा बदल मला इथे दिसतो. फुले, शाहू, कर्मवीर यांच्या काळात प्रश्न होता, ‘आपली मुलं शाळेत जातील का?’ आज प्रश्न आहे, ‘माझं मूल कुठल्या शाळेत जाईल?’ आपली मुलं, आणि माझं मूल.

आकडे काय म्हणतात?

तुम्ही म्हणाल, पण खासगी शाळा चांगल्या असतात म्हणूनच लोक जातात ना? तपासून पाहू.

‘असर’ नावाची ग्रामीण भारताची पाहणी २००५ पासून होते. घरोघरी जाऊन मुलांना साधा उतारा वाचायला देतात. २०२४ च्या अहवालात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं ४८.८ टक्के होती, सरकारी आणि खासगी मिळून. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त मुलं पाचवीत जाऊनही दुसरीचं पुस्तक वाचू शकत नाहीत. पालकांची काळजी खोटी नाही, हे आधी मान्य करू. खासगी शाळेतली मुलं वाचनात पुढे दिसतात हेही खरं. पण त्यातला बराचसा फरक घरातून येतो. आई किती शिकलेली, घरात पुस्तकं आहेत का, शिकवणी आहे का, यांतून.

मग शाळेचा स्वतःचा वाटा किती? आंध्र प्रदेशात १८० गावांत एक अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब मुलांना सोडत काढून खासगी शाळेचं शुल्क दिलं. चार वर्षांनी पाहिलं तर सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं तेलुगू आणि गणितात सारखीच होती. हिंदीत खासगी शाळेतली मुलं बरीच पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवत होते. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खासगी शाळांनी हे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात केलं होतं. तेव्हा सरकारी शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हा अभ्यास उशाशी घेऊन झोपू नये. पण ‘खासगीत घातलं की मूल शिकतं’ हा समज त्यात टिकत नाही, एवढं नक्की.

आणि लोकांची वृत्ती खरंच कायमची ठरून गेली आहे का? त्याच ‘असर’चे आकडे बघा. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची सरकारी शाळेतली मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती. करोनानंतर २०२२ मध्ये ती ७२.९ टक्के झाली. शुल्क परवडेना, छोट्या खासगी शाळा बंद पडल्या, लोक परत आले. २०२४ मध्ये आकडा पुन्हा ६६.८ वर आला. म्हणजे लाखो मुलं आपल्या दारात आली होती. त्यांना थांबावंसं वाटेल असं आपण काय केलं? ती आली तशीच गेली.

जिथे कुणी काही केलं तिथलं चित्र वेगळं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली, तेव्हा राज्यभरातून गुरुजी ते पाहायला येऊ लागले. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. तिथल्या पालकांची मानसिकता आकाशातून पडली होती का? त्यांच्यापुढे वेगळी गोष्ट ठेवली गेली, त्यांनी वेगळं उत्तर दिलं.

मग आज पणाला काय लागलंय?

२०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळांचा विषय निघाला. त्या मिटवून ‘समूह शाळा’ कराव्यात असा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. एका बाजूने पाहिलं तर यात तथ्य आहे. एक किंवा दोन शिक्षक, चार इयत्ता, बारा मुलं, अशा शाळेत शिकवणं खरोखर कठीण असतं. मुलांना सवंगडी मिळत नाहीत. पण शिक्षणहक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. ही एक किलोमीटरची अट कुणासाठी आहे? बस चुकली की मुलाला मोटारसायकलवर सोडणाऱ्या बापासाठी ती नाही. सहा वर्षांची मुलगी, मध्ये ओढा, आणि आईबाप पहाटेच कामावर गेलेले, तिच्यासाठी आहे. लांबची शाळा कितीही सुंदर असली तरी ती मुलगी तिथे रोज पोचली नाही, तर अमरेलीच्याही मागे जाऊ आपण.

आणि या प्रश्नावर किती लोक बोलले? तुलना करून बघा. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला. लेखक, शिक्षक, पालक, राजकीय पक्ष सगळे उठले. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. अडीच महिने! म्हणजे समाजाला आवाज आहे, आणि तो ऐकला जातो. मग हाच आवाज मराठी शाळेच्या गळक्या छपरासाठी, रिक्त जागांसाठी, शिक्षकाच्या मागे लागलेल्या ऑनलाइन माहितीच्या ससेमिऱ्यासाठी का उठत नाही? कारण उघड आहे. ज्यांचा आवाज पोचतो त्यांची मुलं त्या छपराखाली नाहीत.

इथे एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘सर, समाज सुधारण्यासाठी मी माझ्या मुलाचा बळी का द्यायचा?’

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो नैतिकतेचा प्रश्न आहे. ॲडम स्विफ्ट नावाच्या तत्त्वज्ञाने यावर एक सबंध पुस्तकच लिहिलं आहे. माझं उत्तर असं. आपल्या मुलाच्या हिताची काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शाळा खरोखर वाईट असेल तर मुलाला तिथे ठेवा असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टींत फरक करा. मुलाला नीट शिकायला मिळावं ही एक इच्छा. मुलगा शेजाऱ्याच्या मुलाच्या पुढे राहावा ही दुसरी. पहिली इच्छा सगळ्यांची एकाच वेळी पुरी होऊ शकते, दुसरी होऊ शकत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, मूल दुसरीकडे गेलं म्हणून तुमचं नागरिकपण गावच्या शाळेतून दाखला काढून जात नाही. ती शाळा तुमच्या कराची आहे. तिथे शिकणारी मुलगी उद्या तुमच्याच गावात परिचारिका होणार, सरपंच होणार, मत देणार.

म्हणून करता येण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती असते. निवृत्त माणसांनी, माजी विद्यार्थ्यांनी तिच्या बैठकीची तारीख विचारावी, आणि पालक सभासदांना बोलायला मदत करावी. त्यांच्या वतीने बोलू नये, त्यांच्या शेजारी बसावं.

दुसरी. शाळेला ‘माध्यम कुठलं’ याच्या आधी ‘तिसरीतली किती मुलं वाचतात’ हे विचारा. सरकारी शाळेला विचारा, तसंच हजारो रुपये घेणाऱ्या शाळेलाही विचारा. इंग्रजी हवं ही मागणी चुकीची नाही. चांगलं इंग्रजी मराठी शाळेतही शिकवता येतं. सेमी-इंग्रजीच्या मार्गाने अनेक शाळांनी ते करून दाखवलं आहे.

तिसरी. आपल्या तालुक्यात एखादी शाळा मिटवायची ठरत असेल तर तो विषय ग्रामसभेत यावा, आणि तिथे ‘लोकांनाच नको आहे’ असं कुणी म्हणालं तर एकच विचारावं : लोकांना तुम्ही आजवर काय देऊन पाहिलं? किती वर्षं शिक्षकाची जागा रिकामी होती? स्वच्छतागृहाला पाणी होतं का? याची उत्तरं मिळाल्यावर मग लोकांच्या मानसिकतेवर बोलू.

गोखल्यांचं विधेयक पडलं, पण विषय पडला नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. म्हणजे ‘लोक तयार नाहीत’ म्हणून झिडकारल्यावर अवघ्या सहा वर्षांत. लोक सहा वर्षांत बदलले असं मला वाटत नाही. विचारणारे थकले नाहीत, एवढंच.

आणखी काही चिठ्ठ्या आहेत, त्या चहानंतर घेऊ.